समर्थांनी न लिहिलेला समास

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांवर केला. घरातला मूर्ख, चारचौघांतला मूर्ख, पोथ्या वाचून झालेला मूर्ख, सगळे त्यांनी खुणेनिशी ओळखून ठेवले. एकाला मात्र त्यांनी स्वतंत्र समास दिला नाही. शेजाऱ्याच्या मुलखाचा एक तुकडा गुपचूप उचलला की काम भागलं, पुढं कोणी काही बोलणार नाही, असं मनापासून मानणारा राजकारणी मूर्ख तो. त्याला एक समास पुरलाही नसता. ही उणीव थोडी भरून काढावी, म्हणून त्याच्या स्तुतीचे हे चार शब्द. स्तुती म्हणतो ती जाणूनबुजून. दुष्टपणाला मर्यादा असते, कारण दुष्ट माणूस आपला फायदा पाहतो आणि तोटा दिसला की थांबतो. मूर्खपणाला ती अडचण नाही. तोटा दिसला की त्याला हुरूप येतो.

या थोरवीचं स्थान म्हणून मी करंजा निवडतो. धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याला असलेलं हे कोळ्यांचं गाव. बंदरावर मासेमारीच्या होड्या, पलीकडं रेवस, मध्ये तरीची वाट. उरण तालुका वेगळा होण्याआधी हा भाग पनवेल तालुक्यातच मोडत असे. आज करंजा म्हटलं की हे गाव डोळ्यांपुढं येतं; अठराव्या शतकातल्या कागदांत मात्र करंजा म्हणजे उरणचं अख्खं बेट. भातशेती, मिठागरं, मासळी आणि डोंगरावर पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आलेला गड एवढी त्याची दौलत. समोर पाण्यापलीकडं मुंबई. त्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचं कौन्सिल बसत असे आणि त्या कौन्सिलला या बाजूचा किनारा रोज दिसत असे. दिसणाऱ्या वस्तूचा मोह आवरणं शहाण्यालाही जड जातं.

१७७४ चा डिसेंबर. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी. मुंबई तेव्हा लहान, खडकाळ, धान्यासाठी आणि लाकडासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहणारी. शेजारचं साष्टी बेट आणि वसई आपल्याकडे असावी, ही लंडनच्या संचालकांची जुनी इच्छा. पुण्याच्या दरबारात त्यांनी १७७२ मध्ये मोस्टिन नावाचा वकील बसवला, तोही संधीवर नजर ठेवायलाच. संधी पुण्यानंच दिली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. काका रघुनाथराव गादीवर बसले. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांच्यावर ठपका ठेवला. मग बारभाईंनी कारस्थान उभारलं, एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि रघुनाथराव गुजरातच्या वाटेला लागले. घर फिरलं होतं, वासे फिरायला वेळ लागला नाही.

तेवढ्यात मुंबईत बातमी आली की साष्टी परत घ्यायला पोर्तुगीजांचं आरमार येतंय. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत गमावलेला मुलूख त्यांना परत हवा होता. कौन्सिलनं विचार केला आणि तो विचार कोरून ठेवण्यासारखा आहे: साष्टी मराठ्यांची आहे, ती पोर्तुगीज घेतील अशी भीती आहे, म्हणून ती आपण घेतली पाहिजे. शेजाऱ्याच्या घरी चोर शिरणार असं कळल्यावर शेजाऱ्याला जागं करण्याची पद्धत जुनी झाली होती. साष्टीतल्या ठाण्याच्या किल्लेदाराला पैसे देऊन किल्ला पदरात पाडून घेण्याची बोलणीही होऊन गेली होती. ती फिसकटली तेव्हा तोफा निघाल्या. नव्या कायद्यानं मुंबईला कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या हाताखाली आणलं होतं. पण विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून कलकत्त्याला विचारलं नाही.

ठाण्यावरचा पहिला हल्ला परतवला गेला. दुसरा २८ डिसेंबरला झाला आणि किल्ला पडला. आतल्या शिबंदीतली बहुतेक माणसं कापली गेली. इंग्रजांचा आरमारी अधिकारी वॉटसन जखमी होऊन मेला. त्याचं नाव इतिहासात आहे. तटावर मेलेल्या मराठी, कोळी, भंडारी गड्यांची नावं मला कुठल्या पाठ्यपुस्तकात भेटली नाहीत आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पुढच्या सात वर्षांच्या युद्धाचे पहिले बळी तेच. मग थोड्याच दिवसांत सगळी साष्टी आणि त्याच ओघात करंजा बेट कंपनीच्या ताब्यात गेलं. करंजाच्या कोळ्यांना आणि मिठागरांवर राबणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. मीठ तेच, खाडी तीच, वसुलीचा धनी तेवढा बदलला.

कौन्सिलच्या मते इथं प्रकरण संपलं होतं. पुण्यात फूट, पेशवा पाळण्यात, पोर्तुगीजांनी फार तर निषेधाचं पत्र धाडायचं. चार बेटं हाती आली, आता हिशेब बंद. मूर्खपणाची सगळ्यात मोठी शक्ती हीच आहे. त्याला सुरुवातीच्या जागी शेवट दिसतो.

आता रघुनाथराव. १७५८ मध्ये ज्यांच्या फौजा अटकेपर्यंत गेल्या ते हे रघुनाथराव. इतका पराक्रमी माणूस इतक्या खाली कसा उतरतो, हा प्रश्न मराठी माणसाला अजून छळतो आणि छळायलाच हवा. सुरुवातीला साष्टी-वसई द्यायला त्यांचीही तयारी नव्हती. मग आश्रय हवा झाला, फौज हवी झाली आणि ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला. कंपनीनं अडीच हजार माणसं द्यायची, खर्चाला रघुनाथरावांनी महिन्याला दीड लाख रुपये द्यायचे, तारण म्हणून सहा लाखांवर किमतीचे दागिने ठेवायचे आणि साष्टी, वसई व आजूबाजूची बेटं कायमची कंपनीला तोडून द्यायची. साष्टी आणि करंजा कंपनीनं आधीच घेतलं होतं, वसई रघुनाथरावांच्या हातात नव्हती, गादीही नव्हती. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते काय, हे पाहायचं असेल तर या तहाची कलमं वाचावीत. घरात न्याय मिळेना म्हणून, की न्याय मिळेल या भीतीनं, कोणत्याही कारणानं का होईना, बाहेरच्याला उंबरठ्याच्या आत घेतलं की तो पुढं कोणत्या खोलीत बसेल हे घरधन्याच्या हातात राहत नाही. रघुनाथरावांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. कळलं होतं आणि तरी केलं, म्हणून समर्थांच्या यादीत त्यांचा नंबर दुसऱ्या दशकाच्या अगदी शेवटच्या समासात लागतो.

मे १७७५ मध्ये गुजरातेत अडासला कंपनीच्या कीटिंगची पलटण आणि पुण्याच्या हरिपंत फडक्यांची फौज भिडली. दोन्हीकडं माणसं पडली, निकाल लागला नाही.

इकडं कलकत्त्याला कळलं आणि ते संतापले. हे युद्ध अन्यायाचं, धोक्याचं आणि आमच्या परवानगीवाचून केलेलं आहे, असं त्यांनी मुंबईला कळवलं. कर्नल अप्टनला त्यांनी थेट पुरंदरावर पाठवलं. १ मार्च १७७६ रोजी बारभाईंपैकी नाना फडणीस आणि सखारामबापू यांच्याशी तह झाला. सुरतेचा तह रद्द, रघुनाथरावांनी महिना पंचवीस हजारांची नेमणूक घेऊन गोदावरीकाठी कोपरगावला राहायचं, कंपनीनं साष्टी ठेवायची आणि वर खर्चापोटी बारा लाख घ्यायचे. एक गोष्ट मला वाचकांच्या मनावर ठसवायची आहे. युद्ध इथं थांबू शकत होतं. चोरीचा माल चोराच्या घरात ठेवूनही पुणं शांत राहायला तयार झालं होतं. कंपनीला जे हवं होतं त्यातलं मुख्य तिला मिळालं होतं. शहाणपणाला आणखी काय लागतं?

पण मूर्खपणा हा एकट्यादुकट्याचा धंदा नाही, त्याला कचेऱ्या लागतात. मुंबईला पुरंदरचा तह अपमान वाटला, म्हणून तिनं रघुनाथरावांना आश्रय दिला. त्याच वर्षी लंडनहून संचालकांचं पत्र येऊन पोचलं. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजांना सहा-सहा महिने लागत. त्यामुळं लंडन नेहमी मागच्या वर्षीच्या हिंदुस्थानावर हुकूम काढत असे. त्या पत्रात सुरतेच्या तहानं मिळालेला मुलूख राखा, असं होतं. म्हणजे मुंबईनं कलकत्त्याचा हुकूम मोडला, कलकत्त्यानं मुंबईचा तह मोडला आणि लंडननं कलकत्त्याचा तह कच्चा ठरवला. उंटावरून शेळ्या हाकणारे तीन, उंटही तीन, आणि प्रत्येक जण आपापल्या उंटावरून बरोबर. अशी एकजूट चांगल्या कामाला कधी पाहायला मिळत नाही.

पुण्याकडं शहाणपणाचा मक्ता होता असं म्हणायची माझी तयारी नाही. नानांची बुद्धी जगजाहीर, पण १७७७ मध्ये त्यांनी सेंट ल्युबिन नावाच्या एका फ्रेंच माणसाला दरबारात मान दिला. आपण फ्रान्सच्या राजाचे वकील, फौज आणून देतो, असं तो सांगत होता. फौज आली नाही. नानांना तो इंग्रजांना धाक घालायला हवा होता आणि धाक बसलाही, नको तेवढा. पुण्यात फ्रेंच येणार, या भीतीनं गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जनं बंगालची एक फौज काल्पीवरून मध्य हिंदुस्थान तुडवत पश्चिमेकडं रवाना केली. १७७८ मध्ये युरोपात फ्रान्स आणि इंग्लंड यांचं युद्ध जुंपलं, कारण अमेरिकेतल्या बंडखोर वसाहतींना फ्रान्सनं हात दिला होता. जुलैत ती बातमी कलकत्त्यात पोचली. आता करंजाच्या खाडीतलं भांडण अमेरिकेतल्या भांडणाला जोडलं गेलं. आणि पुण्यात? नानांचे चुलतभाऊ मोरोबा रघुनाथरावांना परत आणण्याच्या खटपटीत होते. बाहेर दोन खंडांचं युद्ध दाराशी येतंय आणि आत फडणीस घराण्यातच तट पडलाय.

मुंबईला एवढा शुभशकुन पुरेसा होता. नोव्हेंबर १७७८ मध्ये मोहीम निघाली ती पनवेलला उतरूनच. सुमारे ३,९०० माणसं आणि १९,००० बैल. हे आकडे शेजारी ठेवून पाहा. एका शिपायामागं जवळजवळ पाच बैल. पनवेलच्या बंदरावर ते सगळं उतरताना काय गोंधळ माजला असेल आणि आजूबाजूच्या गावांतला चारा किती दिवस टिकला असेल, याचा अंदाज शेतकऱ्याला करता येईल. सोबत पालखीत रघुनाथराव, कारण घाट चढताच मराठे सरदार त्यांना येऊन मिळतील असा भरवसा होता. फौजेवर कर्नल एगर्टन, आणि त्याच्या डोक्यावर कौन्सिलच्या कार्नाकसह एक समिती. युद्ध समितीनं चालवायचं हा शोध मोठा आहे, पुढं त्याला पुष्कळ अनुयायी मिळाले.

बोरघाट चढून तळेगाव गाठायला या फौजेनं आठवडे घेतले. वाटेत ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मावळातल्या लोकांनी त्याचा ‘इष्टूर फाकडा’ करून टाकला. शत्रूच्या शूरपणाला नाव देऊन तो आपलासा करण्याची ही दानत मराठी माणसात होती, हे इथं नोंदवायला मला आनंद वाटतो. सरदार मात्र कोणी मिळायला आले नाहीत. ९ जानेवारीला तळेगाव दिसलं ते जळालेलं. इंग्रजांना दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनीच ते जाळलं होतं. पुढं चिंचवड आणि वेळ पडली तर पुणंही जाळायची तयारी होती. डावपेच म्हणून हे अचूक होतं. पण तळेगावच्या ज्या बाईचं घर, कणगी, गोठा त्या आगीत गेला, तिला साष्टी कुठं आहे आणि करंजा कुठं, हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मुंबईच्या कौन्सिलला समुद्र बघता बघता झालेल्या मोहाचं बिल मावळातल्या त्या घरी पोचलं होतं. युद्ध पसरलं, असं आपण एका वाक्यात म्हणतो. ते असं पसरतं.

११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी माघार घ्यायचं ठरवलं. जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामानाला काड्या लावल्या आणि अंधारात मागं फिरले. लपून जायचं आणि आग लावून जायचं, या दोन गोष्टी एकाच रात्री करायला मोठी प्रतिभा लागते. पहाटेच्या आत मराठे त्यांच्या पाठीवर होते. वडगावला कोंडी झाली. महादजी शिंद्यांशी बोलणी झाली आणि करार लिहून द्यावा लागला: १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख परत करायचा, म्हणजे साष्टी आली, करंजा आलं, रघुनाथरावांना शिंद्यांच्या हवाली करायचं, दोन इंग्रज ओलीस ठेवायचे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

फौज सुखरूप मुंबईला पोचली आणि कौन्सिलनं करार नाकारला. कार्नाक आणि एगर्टन यांना असा तह करण्याचा अधिकारच नव्हता म्हणे. सुरतेत अधिकार नसताना केलेला तह पाळायचा आणि वडगावात अधिकार नव्हता म्हणून केलेला तह मोडायचा. वडगावच्या विजयाची आपल्याकडं स्मारकं झाली, महादजींची कीर्ती झाली आणि ती रास्तच आहे. पण त्या विजयातून करंजा परत आलं नाही, हे आपण सांगत नाही.

माझं म्हणणं इथंच आहे आणि ते मी जीव तोडून मांडतो आहे. पहिलं आक्रमण लहान होतं. ते लहानच राहिलं असतं. युद्ध पसरवलं ते मोडलेल्या शब्दांनी. पुरंदरचा तह कंपनीनं मोडला, वडगावचा करार कंपनीनं मोडला. आता तिसरा कागद लिहून घ्यायला नाना कोणाच्या भरवशावर बसणार? ज्याच्याशी तह करून उपयोग नाही, त्याच्याशी लढायला मग मिळतील ते सोबती गोळा करावे लागतात. १७८० मध्ये नानांनी हैदरअलीशी हातमिळवणी केली, निजामाला ओढलं, नागपूरच्या भोसल्यांना बंगालवर जायला सांगितलं. हैदर हा मराठ्यांचा जुना वैरी. तुंगभद्रा आणि कृष्णा यांच्यामधला त्यानं बळकावलेला मराठी मुलूख त्याच्याकडंच राहू द्यावा लागला. साष्टीवरचा हक्क सांगण्यासाठी कृष्णेपर्यंतचा मुलूख सोडला. हैदरला तरी इंग्रजांचा राग का? त्याच्या संरक्षणातलं फ्रेंचांचं माहे बंदर इंग्रजांनी मार्च १७७९ मध्ये घेतलं, कारण युरोपात त्यांचं फ्रेंचांशी युद्ध होतं. म्हणजे पुन्हा एका शेजाऱ्याचं एक बंदर. हे काम इतकं सोपं असतं की सवय लागते.

जुलै १७८० मध्ये हैदर कर्नाटकात उतरला. सप्टेंबरात पोल्लिलूरला कर्नल बेलीची फौज नेस्तनाबूत झाली आणि मद्रासच्या भोवतालची खेडी ओस पडली. तिकडं नागपूरकरांची फौज कटकच्या बाजूला जाऊन बसली आणि तिला पुढं न येण्यासाठी हेस्टिंग्जनं पैसे मोजले. पैसे कुठून आणायचे? तर काशीच्या राजा चेतसिंगाकडून आणि अवधच्या बेगमांकडून. १७८१ मध्ये त्यावरून काशीत बंड झालं आणि पुढं विलायतेत हेस्टिंग्जवर जो महाभियोग चालला त्यात ही दोन्ही प्रकरणं आली. द्रोणागिरीच्या पायथ्यापासून काशीच्या घाटापर्यंत आणि तिथून लंडनच्या पार्लमेंटपर्यंत! समर्थ मारुतीची ताकद डोंगर उचलण्यावरून मोजतात. करंजाच्या बेटानं केवढ्या गोष्टी उचलल्या, त्याला माप नाही.

पनवेलकरांनी दुसरा खेळही पाहिला. बंगालहून आलेल्या जनरल गॉडर्डनं डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतली आणि त्याच जोरावर बोरघाट गाठला. पुणं आता चार पावलांवर, आता नाना तह करतील, असा हिशेब होता. नाना हलले नाहीत. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन, तुकोजी होळकर यांनी कोकणात उतरून त्याची रसद तोडली. एप्रिल १७८१ मध्ये गॉडर्ड मार खात पनवेलला परत आला. त्याची साडेचारशेहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. अडीच वर्षांत दोन फौजा घाट चढल्या आणि दोन्ही ठेचकाळून खाली उतरल्या. पहिलीपासून दुसरी काही शिकली असती तर एवढी माणसं वाचली असती. पण मग ही स्तुती अपुरी राहिली असती.

हे सगळं फक्त अठराव्या शतकातल्या कंपनीचं आणि पेशव्यांचं वेड, असं कोणी समजू नये. २८ जुलै १९१४ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीनं लहानग्या सर्बियावर युद्ध पुकारलं, तेही एक झटपट शिक्षा म्हणून. आठवड्याच्या आत रशिया, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन उतरले. मराठी पलटणींतले जवान ज्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता अशा भांडणासाठी मेसोपोटेमियात मेले. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलरनं पोलंडमध्ये फौजा घातल्या तेव्हाही त्याचा अंदाज होता की ब्रिटन-फ्रान्स कुरकुर करतील आणि गप्प बसतील. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर चालून जाणाऱ्यांनाही काम लवकर उरकेल असं वाटलं होतं. तिन्ही ठिकाणी हिशेब एकच: शेजारी दुबळा आहे, आत फूट आहे, बाकीचे कशाला मधे पडतील. मुंबईच्या कौन्सिलनं ठाण्यासाठी हाच हिशेब मांडला होता. बाकीचे मधे पडतात. ते शेजाऱ्याच्या प्रेमानं पडत नाहीत. आज त्याचं घेतलं, उद्या आपलं घेतील, या भीतीनं पडतात. ही भीती घालवायची ताकद फक्त पाळलेल्या शब्दात असते आणि पहिल्या आक्रमणानं नेमका तोच मोडलेला असतो.

आता हिशेबाची शेवटची ओळ. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई इथं महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं तह झाला. पुरंदरच्या तहानंतर जे जे जिंकलं ते ते कंपनीनं परत करायचं, म्हणजे एवढी माणसं मारून घेतलेली वसई परत. रघुनाथरावांना महिना पंचवीस हजार. कंपनीकडं राहिलं ते साष्टी, घारापुरी, करंजा आणि इंग्रजांच्या कागदांत हॉग म्हणून नोंदलेलं आणखी एक चिमुकलं बेट. पुरंदरचा १७७६ चा कागद आणि सालबाईचा १७८२ चा कागद शेजारी ठेवून वाचा. साष्टी तीच, नेमणूक तीच. सहा वर्षं, तळेगावची राख, पोल्लिलूरचं रान, काशीचं बंड आणि घाटात मेलेली दोन्हीकडची माणसं, हे सगळं जे आधीच लिहून झालं होतं ते पुन्हा लिहिण्यासाठी लागलं. रघुनाथराव त्यानंतर दीड वर्ष जगले. डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावला वारले. हैदरला मात्र तहात वाटा मिळाला नाही. त्यानं घेतलेलं परत करावं असं त्याच्या नावानं लिहून मराठे मोकळे झाले, आणि त्याचं इंग्रजांशी युद्ध त्याच्या मुलानं, टिपूनं, १७८४ च्या मंगळूरच्या तहापर्यंत चालवलं. रघुनाथरावांच्या मुलानं, दुसऱ्या बाजीरावानं, १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईला कंपनीशी तह करून वडिलांचं अपुरं काम पुरं केलं.

करंजा परत आलं ते १९४७ मध्ये, सगळ्या देशाबरोबर. आज तिथं भारतीय नौदलाचा शस्त्रसाठा आहे, मागं न्हावा-शेवाचं बंदर आहे, पुढं कोळ्यांच्या होड्या आहेत. उरण-पनवेलच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा धडा येतो तेव्हा वडगावचा विजय जरूर सांगा, मुलांना तो आवडतो. पण मग एकदा मुलांना घेऊन करंजाच्या बंदरावर जा, पाण्यापलीकडची मुंबई दाखवा आणि सालबाईच्या तहातलं त्यांच्या गावाचं कलम तिथं उभं राहून मोठ्यानं वाचा.